भुताची साक्ष

माझी मुलाखत घ्यायला जी मंडळी येतात, त्यांची दारातच निराशा होते. भुयारं, तळघरं, भिंतीत चिणलेल्या बायका, अवसेला बुरुजावरून फिरणारे बिनमुंडक्याचे शिलेदार, असल्या मालमसाल्याच्या अकरा जाडजूड कादंबऱ्या लिहिणारी बाई निदान काळी साडी तरी नेसत असेल, अंगणात एखादं घुबड तरी पाळत असेल, अशी त्यांची समजूत असते. आणि दार उघडते ती गुडघ्याला पट्टा बांधलेली, हातात कोथिंबिरीची जुडी धरलेली साठीपलीकडची बाई. मग ते बिचारे चहा घेतात, आवाज खाली आणतात आणि विचारतात, की मॅडम, तुमच्या लेखनातला हा अंधार आला कुठून? पूर्वी मी याला फार सुंदर उत्तरं द्यायचे. इतिहासाच्या न भरलेल्या जखमा, स्त्रीच्या मनातलं तळघर, वगैरे. छापून आल्यावर ती मलाही खरी वाटायची. आता तेवढं सुंदर बोलायला दम पुरत नाही, म्हणून खरं काय ते एकदा लिहून टाकते. तो अंधार आला वांग्याच्या मळ्यातून, भर दुपारी, डोक्यावर ऊन तापलेलं असताना. आणि तो येण्याचं कारण एवढंच, की त्या दिवशी तोडायच्या सहा ओळी उरल्या होत्या.

आम्ही माळी. आमचं गाव वाशीमपासून सायकलीच्या अंतरावर. वाशीमच्या बाजारात आमच्या वांग्याला मान होता आणि आमच्या घरात वांग्याशिवाय दुसरं काही नव्हतं. चांगली वांगी उजाडायच्या आत बाजाराला जायची, किडकी गुरांपुढे पडायची आणि या दोहोंच्या मधली आमच्या ताटात यायची. सकाळी भरीत, दुपारी कळण्याच्या भाकरीवर वांग्याची पातळ भाजी, पाहुणे आले तर त्यांच्या मानासाठी भरली वांगी. घराचा कारभार मायच्या हातात होता. विहिरीवर डिझेलचं इंजिन दिवसभर खोकत असायचं, आणि त्या आवाजाच्याही वरून मायचा आवाज मळ्याच्या चारी धुऱ्यांपर्यंत, म्हणजे बांधांपर्यंत, पोचायचा. बाबा बहुतेक वेळ इंजिनापाशी घालवत, कारण इंजिन उलट बोलत नसे. बाबांचा धाकटा भाऊ म्हणजे आमचा काका. शेवटी जो बोलला त्याला मान डोलावणं हा त्याचा पूर्णवेळ धंदा. आणि या काकाची बायको कुसुमकाकी. हे प्रकरण खरं म्हणजे तिचं आहे, मी आपली लेखिका म्हणून मध्ये घुसले आहे.

काकी मानोऱ्याकडची. दहावीला सगळ्या विषयांत पास आणि गणितात नापास, अशी ती आमच्या घरात आली. साखरपुड्याच्या दिवशी तिच्या वडिलांनी भीत भीत विचारलं होतं, की पोरीला गणिताची परीक्षा पुन्हा देता येईल का. तेव्हा बाबांनी दहा माणसांत सांगितलं, "शब्द देतो. ऑक्टोबरात परीक्षेले पाठवू." टाळ्या तेवढ्या पडायच्या राहिल्या. पहिल्या ऑक्टोबरात मिरची तोडायला आली. दुसऱ्या ऑक्टोबरात माय आजारी पडली. तिसऱ्या वर्षी तिच्या भावानं न विचारताच फॉर्म भरून टाकला आणि निरोप पाठवला, की महिनाभर आधी माहेरी पाठवा, इथले मास्तर शिकवायला तयार आहेत. निरोप ऐकून माय हसली. वांगी बहरात असताना घरातली कामाची बाई महिनाभर गणित शिकायला जाते, असं आमच्या अख्ख्या भावकीत कधी घडलं नव्हतं. काकीनं वाद घातला नाही. तिला गावातल्या बालवाडीवर लागायचं होतं आणि त्यासाठी दहावीचा कागद हवा होता, हे तिनं मला एकदा भांडी घासताना सांगितलं होतं. घरात मी आठवीत होते, त्यामुळे असल्या गोष्टी कळण्याइतकी शिकलेली मीच, असा तिचा गैरसमज होता.

आता तोड्याची पद्धत सांगायला हवी. वांग्याचा तोडा दर चौथ्या दिवशी. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती होती, तिथल्या सात-आठ बाया तोड्याला यायच्या. त्यांची म्होरकी पंचफुला मावशी. वयानं मायपेक्षा दहा वर्षांनी मोठी, तरी माय तिला "पंचफुले" म्हणायची. बायांच्या चहाचे कान तुटलेले कप गोठ्याच्या खुंटीला वेगळे टांगलेले असत, आणि मावशी त्यांना कधी हात लावत नसे. ती घरून स्वतःचा पितळी पेला आणायची. तो कशासाठी आणते हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मायच्या मते तिला तोंडात कपाची चव आवडत नसावी. प्रत्येक बाई एकेक ओळ धरायची. गप्पा मारत चाललं की एखादी पुढे जायची, एखादी मागे रेंगाळायची आणि मायचा घसा बसायचा. एकदा मी शाळेला बुट्टी मारून मधल्या ओळीत गोष्ट सांगत वांगी तोडत होते, तेव्हा मायच्या ध्यानात आलं, की गोष्ट ऐकायची म्हणून सगळ्या बाया एका रेषेत चालल्या आहेत. मागे राहिलं तर ऐकू येत नाही आणि पुढे गेलं तरी नाही. त्या दिवसापासून तोड्याच्या दिवशी माझी शाळा बंद आणि माझ्यावर नेमणूक मधल्या ओळीची. मराठी साहित्यात माझा प्रवेश झाला तो असा, डोक्यावर फडकं आणि बोटांत वांग्याचे काटे घेऊन.

या नोकरीत एकच नियम होता, वावर संपायच्या आत गोष्ट संपता कामा नये. गावाच्या कडेला पांढऱ्या मातीची एक जुनी गढी होती. बाया तिची माती खरवडून घर सारवायला नेत. त्या गढीवरून मी गोष्ट रचली. गढीचा बुरुज सारखा ढासळतो म्हणून किल्लेदार एका बाईला त्यात जिवंत चिणतो. ती बाई म्हणजे गढीवर पाणी भरणारी होनाई. चिणताना मी इतका जीव ओतला की दोन बायांनी पदर डोळ्याला लावला आणि होनाई भर बाराला मेली. मायनं वावराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मारली का तिले?" ती म्हणाली. "अजून सहा ओळी बाकी हायेत." काय करणार? होनाई भिंतीतून बोलायला लागली. माझ्या साहित्यातल्या अलौकिक घटकावर आजवर जे काही लिहून आलं आहे, त्यात या सहा ओळींचा उल्लेख मला कुठे सापडलेला नाही.

बाया विचारायच्या, हे कुठून काढते? मी सांगायचे, शाळेतल्या जुन्या पुस्तकात छापलेलं आहे. कारण मनानं रचणारी पोरगी म्हणजे रिकामटेकडी, वाचणारी म्हणजे हुशार. आणि आमच्याकडे छापलेल्या गोष्टीवर संशय घ्यायची पद्धत नव्हती. चार तोड्यांत होनाई गावभर झाली. संध्याकाळी गढीकडून येणारी वाट बायांनी सोडली, सारवायची माती लोक दुसरीकडून आणायला लागले. विश्वास नव्हता तो एका पंचफुला मावशीचा. तिच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा देव आणि भुतं घरातून एकाच दिवशी निघाली होती, असं ती सांगायची. बाकीच्या बाया दचकल्या की ती शांतपणे वांगं टोपल्यात टाकून म्हणायची, "भूतबीत काही नसते व. पण तू सांग, गोष्ट बेस हाय." इतकी नेमकी समीक्षा मला पुढे कधी मिळाली नाही.

काकी माझ्या शेजारच्या ओळीत असायची आणि काहीच बोलत नसे. एकदा फक्त तिनं विचारलं, की भिंतीतल्या बाईनं एखादी गोष्ट मागितली तर लोक देतील का. मी म्हटलं, द्यावीच लागेल, नाहीतर बुरुज पडेल. ती बरं म्हणाली आणि पुढच्या झाडाला लागली.

पितृपक्ष लागला आणि एका सकाळी, माय भाकरी थापत असताना, काकी उंबऱ्यावर बसली, केस मोकळे सोडले आणि घुमायला लागली. आवाज खर्जातला. मी होनाई, म्हणाली. माय कधी कुणाच्या मरणासाठीही तवा उतरवत नसे, पण त्या दिवशी तव्यावरची भाकर करपली. काका दाराआड गेला. काकी डोळे मिटून डोलत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. मायनं हात जोडले, काकाला वाटलं मंत्र आहे. मी जवळ गेले आणि ऐकलं. ती म्हणत होती, अ वर्ग अधिक दोन अ ब अधिक ब वर्ग. आम्हाला आठवीत तेच चालू होतं. चिणलेल्या बाईला बीजगणिताचं सूत्र पाठ असावं, हे इतिहासाच्या दृष्टीनं जरा अडचणीचं होतं, पण मी गप्प राहिले. एकतर काकीवर माझा जीव होता. दुसरं म्हणजे, कबूल करायला हरकत नाही, मला भयंकर अभिमान वाटला. माझी पहिली आवृत्ती निघाली होती. प्रत एकच, आणि तीही माझ्या काकाच्या गळ्यात बांधलेली.

पहिले आठ दिवस भूत काकीला मानवलं. सकाळचा पहिला चहा तिला मिळायला लागला. टोपली उचलायला तिला कुणी सांगेना. घुमून झालं की ती माडीवर जाऊन निजायची, म्हणजे उशीखाली लपवलेलं पुस्तक काढून गणितं सोडवायची. पण मग भावकीतले लोक येऊन बसायला लागले. भूत नेऊन सोडता येतं आणि बाईही नेऊन सोडता येते, असं एक जण म्हणाला. सून बाधित आहे, भगताला दाखवा, उतरलं नाही तर माहेरी कायमची पोचवा आणि पोराचं दुसरं पाहा. काकानं मान डोलावली. महिनाभर माहेरी जाणं आणि कायमचं माहेरी जाणं, यांत काय फरक असतो ते त्या काळात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. काकीचा चेहरा त्या दिवशी खरंच अंगात आल्यासारखा पांढरा पडला होता.

भगत आला तो तोड्याच्या दिवशी. मायनं भुतासाठीसुद्धा तोडा पुढे ढकलला नाही, त्यामुळे सगळा विधी विहिरीच्या काठावर, उन्हात, इंजिनाच्या ठोक्यांवर आणि बायांच्या डोळ्यांदेखत झाला. भगत जाडजूड, कपाळभर शेंदूर, हातात निरगुडीची ओली काडी. येताच त्यानं सांगितलं, की उतारा झाल्यावर गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी लागेल. तेवढी भाजी तर आमच्याकडे कायमच होती. निखाऱ्यावर टाकायला सुक्या मिरच्यांचा ढीग बाजूला काढून ठेवला. भूत बोललं नाही तर आधी काडी, मग मिरच्यांची धुरी. काकीला मधोमध बसवलं. बायांनी ओळी सोडल्या नव्हत्या, पण वांगीही कुणी तोडत नव्हतं.

भगतानं काडी उगारून विचारलं, कोण आहेस. काकी डोलायला लागली आणि म्हणाली, "मी होनाई. गढीच्या किल्लेदाराची लेक. पालखीत फिरत होती मी. रेशमाची चोळी होती मले."

इथं मी जे केलं ते लिहायला मला आजही लाज वाटते. माझ्या डोक्यात ना काकी होती, ना काडी, ना मिरच्या. डोक्यात एकच होतं, की ही माझी गोष्ट बिघडवते आहे. मी घाम गाळून पाणी भरणारी बाई उभी केली होती आणि हिनं तिला परस्पर पालखीत बसवली. पुढे आयुष्यात अनुवादकांनी, संपादकांनी आणि मालिकावाल्यांनी माझ्या पुस्तकांचं काय काय केलं, ते मी निमूट पाहिलं आहे, पण त्या वयात ती सहनशक्ती आली नव्हती. मी सगळ्यांच्या पुढे जाऊन म्हटलं, "चूक हाय. होनाई लेक नव्हती, पाणी भरणारी होती. पुस्तकात तसं हाय."

भगत कच्चा नव्हता. त्यानं काडी खाली घेतली आणि मायकडे वळून सांगितलं, "भूत आपला बाप चुकत नसते. मंग पुस्तक तरी खोटं, नाही तं ही बाई ढोंग करून राह्यली. आणा पुस्तक, पाहू."

मायनं मला पुस्तक आणायला सांगितलं. मी उभीच. शाळेत आहे म्हणावं तर मास्तर गावातच राहायचे, त्यांना विचारायला काका निघालाही असता. काकीनं केसांआडून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तिसऱ्यांदा गणितात नापास झाल्यावर माणूस जसा निकालाच्या फळ्याकडे बघेल, तशी ती पाहत होती. माय सगळं समजत चालली होती. तिचा चेहरा एकेका क्षणाला बदलत होता आणि माझ्या तोंडातून, भिंतीतल्या मेलेल्या बायकांना बोलतं करणाऱ्या माझ्या तोंडातून, एक शब्द फुटत नव्हता.

तेव्हा पंचफुला मावशीनं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं आणि ती ओळीतून बाहेर आली. हात पदराला पुसले. "पुस्तक कायले पाह्यजे?" ती म्हणाली. "माह्या आजीनं सांगतलं मले. होनाईचा बाप किल्लेदार आन् माय पाणी भरणारी, तिच्यासंगं लेक बी पाणी भरे. बाप तिले नाव देत नव्हता. गावात बोभाटा झाला म्हणून तिलेच भिंतीत घातली. ही बी खरं बोलून राह्यली आन् पोरगी बी."

मग ओळीतल्या एकीनं हो म्हटलं, दुसरीनं सांगितलं की तिनंही असंच ऐकलं आहे, आणि तिसरीला तर त्या पालखीचा रंगसुद्धा आठवला. भगतानं चारी बाजूंना पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, रोडग्यांच्या वासाकडेही त्याचं लक्ष असावं. जुन्या बाईची साक्ष आहे, आता शंका नाही, असं त्यानं जाहीर केलं. आणि काकीला विचारलं, जायला काय घेशील?

मला वाटलं ती परीक्षा म्हणेल आणि सगळं पुन्हा ओमफस होईल. पण काकी माझ्यापेक्षा फार वरच्या दर्जाची होती. ती डोलायची थांबली, डोळे उघडले आणि थेट इंजिनाच्या दिशेनं पाहून म्हणाली, "मले काही नाही पाह्यजे. दिलेला शब्द पाळा."

कुणाला दिलेला, कोणता, ते तिनं सांगितलं नाही. पण बाबांनी वाकून इंजिन बंद केलं. भरदिवसा त्या मळ्यात इतकी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. बाबा हात पुसत आले, मायकडे न पाहता काकीपुढे उभे राहिले आणि "पाळतो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिला मानोऱ्याला पोचवून आले. भगतानं अकरा रोडगे खाल्ले आणि भूत उतरल्याचं सांगून गेला. ते बाकी खरं होतं, कारण दुसऱ्या दिवसापासून काकीला घुमायला वेळच नव्हता.

मध्येच एक आजची गोष्ट. किल्लेदाराची नाव न दिलेली लेक आणि तिची पाणी भरणारी आई, यांच्यावरच माझी चौथी कादंबरी उभी आहे. तिच्या शेवटाची फार वाखाणणी झाली. एका परीक्षकांनी लिहिलं, की असा कलाटणीचा क्षण सुचायला प्रतिभाच लागते. लागतेच. ती वांग्याच्या ओळीत उभी होती आणि तिला अर्ध्या मिनिटात सुचलं. गंमत म्हणजे अलीकडे एक तरुण संशोधक आमच्या भागात फिरून गेले. चार-पाच म्हाताऱ्यांकडून त्यांनी होनाईची कथा टिपून घेतली, ती कित्येक शतकं जुनी असल्याचं सिद्ध केलं, आणि लेखाच्या शेवटी माझे कान धरले, की या लेखिकेनं मूळ लोककथेशी प्रामाणिकपणा राखलेला नाही. मी त्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं.

ते सोडा. काकी गेल्यावर पुढच्या रविवारी मायनं मला तोड्याचा निरोप घेऊन खालच्या वस्तीत पाठवलं. तिथं टिनाच्या छपराचा छोटा विहार होता. रविवारी सकाळी वंदना व्हायची आणि ती पंचफुला मावशीच पुढे बसून सांगायची, हे मला माहीत होतं, कारण तिचा आवाज आमच्या धुऱ्यापर्यंत यायचा. त्या दिवशी आवाज दुसऱ्याच बाईचा होता. मी डोकावले तर मावशी सगळ्यांत मागे, चपला काढतात त्या कोपऱ्यात बसलेली. संपल्यावर मी तिला विचारलं, की मावशी, तुमी इथं काहून बसल्या.

"खोटं बोलली ना मी," ती म्हणाली. "ते बी भुताची साक्ष. पुढं बसून लोकाले कोणत्या तोंडानं सांगू, का खोटं बोलू नका?"

तिला मागे बसायला कुणी सांगितलं नव्हतं. उलट सगळे तिला पुढे बोलावत होते. मी म्हटलं, मग सांगून टाका की काकीला वाचवायला बोलले म्हणून. आज इथे सांगितलं तर उद्या तुझ्या घरी पोचेल, ती म्हणाली, आणि काकीला परीक्षेच्या आधीच परत आणतील. निकाल लागू दे. मग चपलेत पाय घालता घालता तिनं जोडलं, "आन् तवा बी मी नाही सांगणार. गोष्ट तुही हाय."

निकाल लागला. काकी गणितात काठावर पास झाली. बाबांनी पेढे वाटले, मायनं एक खाल्ला आणि गोड जास्त आहे म्हणाली. पुढे उन्हाळ्यानंतर काकी बालवाडीवर लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिनं गावातल्या दोन पिढ्यांना पाढे शिकवले. पण त्या निकालानंतरचे तीन रविवार मी विहारात गेले नाही. एका रविवारी डोकं दुखलं, एका रविवारी पाहुणे आले, तिसऱ्या रविवारी काहीच झालं नाही म्हणून मी वासराला पाणी दाखवत बसले. मला मार खायची भीती नव्हती. भीती ही होती, की मी खरं सांगितलं की बाया मला मधल्या ओळीतून उठवतील आणि पुन्हा कधी कुणी माझं ऐकणार नाही. एक म्हातारी माझ्यापायी चपलांजवळ बसली होती आणि मी माझ्या वाचकवर्गाची चिंता करत होते. लेखकाचे सगळे गुण माझ्यात इतक्या लवकर आले होते.

चौथ्या रविवारी काकीनं मला समोर बसवून वेणी घातली. मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, की घरी कळलं तर तुझं काय. ती वेणीला पेड घालत राहिली. "निकाल कोणी वापस घेत नसते," ती म्हणाली. "मीच यायला पाह्यजे होतं, मले धीर नाही झाला. चाल, मी येतो संगं." आणि ती आली. आमच्या घरातली सून खालच्या वस्तीत, सगळ्यांच्या देखत, दिवसाउजेडी चालत गेली. वाटेवरच्या घरांपुढे बाया उभ्या राहून पाहत होत्या.

विहारात पन्नासेक माणसं बसली होती. काकी आत आली आणि मावशीशेजारी, चपलांपाशी, खाली बसली. मी दोन्ही बाजूच्या सतरंज्यांमधून पुढे गेले, निम्म्यावर थांबले आणि एका दमात सांगितलं. होनाई कुणी नव्हती. पुस्तक नव्हतं, मीच मनानं केलं. काकीच्या अंगात कुणी आलं नव्हतं. मी काकीला उघडं पाडलं आणि मावशीनं तिला वाचवायला खोटं सांगितलं. एवढं बोलले आणि मी मोठ्यानं रडायला लागले.

माझी अपेक्षा होती की लोक हादरतील. कुणी हादरलं नाही. भूत नसतं हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होतं. पुढच्या रांगेतले एक म्हातारे "बरं झालं बाई, सांगतलं ते" म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग सगळे वंदना सुरू व्हायची वाट पाहत बसले. मी तिथंच उभी, हुंदके देत. आता कुणीतरी उठेल, डोक्यावरून हात फिरवील, मोठं धाडस केलंस म्हणेल, असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मी त्यासाठीच थांबले होते. पाठीमागे लुगड्याची सळसळ झाली, गुडघ्यावर हात टेकून कुणीतरी उठल्याचं ऐकू आलं, आणि पावलं माझ्या मागे येऊन थांबली.

"सरक, निर्मे," मावशी म्हणाली. "वाटेत उभी हायेस."

मी सरकले, आणि ती पुढे जाऊन आपल्या जागेवर बसली.